वीस तासांचा पाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही भट्टीसाठी आणली. किती भरड, किती पाणी, किती वाजता आत, कसा निघाला, एवढंच हिच्यात लिहायचं ठरवलं आहे.

आज चार महिन्यांनी विटांची भट्टी पेटवली. राय ह्या परदेशी धान्याची भरड बारा किलो, कढत पाणी नऊ, मीठ अंदाजानं. सकाळी अकराला झाकणाचे आठ डबे आत. दाराच्या फटीत ओलं गोणपाट. उद्या सकाळी सातपर्यंत दार उघडायचं नाही. वीस तास मंद आचेवर, आपल्याच वाफेत शिजला की हा पाव काळा होतो. रंग म्हणून त्यात काही घालत नाहीत.

तो असता तर दार लावण्याआधी त्यावर तीनदा टकटक केलं असतं. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, हे काय? म्हणाला, "आत एक भूत राहतं. निकल नाव त्याचं. पाव आत जायच्या आधी त्याला सांगावं लागतं की बाबा, आता बाहेर हो. पंपर म्हणजे ठोकणं. म्हणून पंपरनिकल. जर्मन लोकांनी नाव उगाच नाही ठेवलं." त्याच्या आजोबांनी हा पाव कुठूनसा शिकून आणला होता, आणि ते ठोकणंही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला की नाही, आठवत नाही. त्याच्या मुठीकडे बघत होते, एवढं आठवतं.

मी आज ठोकलं नाही. माझी मूठ तिथे शोभली नसती.

सासूबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बघत होत्या. "जुना पाव घातलास का गं पिठात?"

"कुठला घालू, आई? उरलाच नाही."



हे खोटं आहे. वहीत तरी खरं लिहिते. प्रत्येक घाण्यात मागच्या घाण्याचा एक पाव भिजवून, कुस्करून घालायचा, ही ह्या घराची रीत. आजोबांपासून ती कधी मोडली नव्हती. शेवटच्या घाण्यातला एक पाव माझ्याकडे आहे. मेणकापडात गुंडाळून कपाटात, माझ्या स्वेटरांखाली. त्याच्या हातचा शेवटचा. डाव्या कोपऱ्यात जरा पोकळ राहिला आहे. राहणारच. त्या आठवड्यात त्याला चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

तो पाव मी पिठात घालणार नाही. कुणी मागितला तरी नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सातला काढले. कडेला पाव, मधोमध चिखल. सुरीला चिकट लगदा लागला.

भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, एक चकती बोटानं दाबून पाहिली. ते पलीकडे विजेच्या भट्टीत मऊ पाव करतात, दुकान त्यावरच चालतं. म्हणाले, "वहिनी, ह्याची कपड्यांना खळ चांगली होईल."

मग बोट पुसत म्हणाले, "महिनाभर करून बघा. नाही जमलं तर ही भट्टी पाडू. तिथे चार टेबलं बसतील. गवंड्याला दोन मार्चला बोलावून ठेवतो."

मी हो म्हटलं. ते भट्टीकडे पाठ करून उभे होते. हल्ली ते तिच्याकडे पाठ करूनच उभे असतात. डबे भरायची वेळ आली की त्यांना बाहेर काहीतरी काम निघतं. पूर्वी दोघं भाऊ मिळून भरायचे आणि रोज तेच भांडण. तो म्हणायचा, "अरे, डावा कोपरा दाब. तुझे सगळे पाव एका बाजूनं उपाशी." मला वाटतं, त्यांना ही भट्टी कधी आवडलीच नाही.

मला ती हवी आहे. का, ते नीट सांगता येणार नाही. तो गेल्यापासून घरातल्या सगळ्या वस्तू थंड पडल्यात, आणि ही एकच अशी आहे की जी पुन्हा गरम करता येते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भरड तेवढीच, पाणी अर्धा लिटर कमी. अकराला आत.

आता जे लिहिते आहे ते कुणाला सांगणार नाही.

दोन ते चार दुकान बंद असतं. भाऊजी आपल्या घरी जाऊन झोपतात. वर सासूबाई त्यांच्या खोलीत, मी माझ्या. माझी खोली बरोबर भट्टीवर आहे. भट्टी पेटली की इथली लाकडी जमीन कोमट होते, म्हणून मी खालीच चटई टाकून आडवी झाले होते. डोळा लागला नव्हता. तीन वाजले होते, घड्याळ समोरच आहे.

खालून तीनदा टकटक आली. लोखंडावर. हळू, नीट अंतर ठेवून.

मी उठून बसले. जिन्यापर्यंतही गेले. खाली उतरले नाही. भीती वाटली हे खरं, पण भुताची नाही. खाली जाऊन पाहिलं आणि तिथे कुणीच नसलं तर काय, ह्याची वाटली. आवाज ऐकलेला बरा.

७ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा मधोमध कच्चा. गोणपाट दारातून निम्मं खाली लोंबत होतं. वाफेनं सुटलं असेल. पुढच्या वेळी घट्ट ठासायचं.

सासूबाईंनी भाजल्याचं मलम मागितलं. उजव्या हाताची दोन बोटं लाल. "पातेल्याचा कान धरला," म्हणाल्या. ह्या वयात चहा करायला जातात कशाला? माझ्या लक्षात नाही का राहत त्यांच्या चहाचं?

८ फेब्रुवारी, रविवार

मास्तर आले होते. निवृत्त भाषाशिक्षक, भाऊजी त्यांना मागून शब्दमास्तर म्हणतात. काळ्या पावाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना काल एक कच्चा पाव फुकट दिला होता, तर घरी नेऊन चकत्या भाजून खाल्ल्या म्हणे. माणूस चांगला आहे.

भाऊजी म्हणाले, "नाव वाचूनच लोक पुढे सरकतात, वहिनी. औषधाचं वाटतं. अर्थ लिहून एक पाटी तरी लावा."

मी म्हटलं, अर्थ मला ठाऊक आहे. आणि मास्तरांना निकल भुताची गोष्ट सांगितली. त्यांनी ती मान तिरपी करून ऐकली, पोरांचं उत्तर अर्धंच बरोबर असल्यावर ऐकत असतील तशी. "पाहून सांगतो," म्हणाले. "माझ्याकडे मोठा कोश आहे. पाटी लावायची घाई करू नका."

१० फेब्रुवारी, मंगळवार

तीन वाजता. तीनदा.

मी चटईवर पालथी पडून जमिनीला कान लावला होता. टकटक झाल्यावर बराच वेळ काही नाही. मग लोखंड करकरल्यासारखं काहीतरी. मग शांत.

चारला चहा दिला तेव्हा सासूबाईंना सहज विचारलं, "झोप लागली का?"

"मेल्यासारखी झोपले," म्हणाल्या. आणि मग दोघी त्या शब्दावर थांबलो.

त्यांच्या सपाता दाराशी होत्या. तळव्याला पांढरं लागलं होतं. झाडलोट नीट झाली पाहिजे, पीठ घरभर फिरतंय.

११ फेब्रुवारी, बुधवार

कच्चा. आता दोष कुणाला द्यायचा? भरड तीच, लाकूड तेच, वीस तास तेच. फरक एवढाच की तो नाही. किंवा, तो आहे आणि त्याला मी केलेलं पसंत नाही. मी काय दडवून ठेवलंय ते त्याला माहीत असणार. जिवंत असतानाही कपाटात लपवलेलं त्याला बरोबर सापडायचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कालचाही कच्चा. पण आज लिहायचं आहे ते वेगळं.

मास्तर कोश पिशवीत घालून आले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सासूबाई गल्ल्याशेजारी खुर्चीत, भाऊजी फळ्या पुसत होते. मास्तरांनी पान उघडलं, चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"ताई, ह्याचा पहिला भाग जरा तसा आहे."

"तसा म्हणजे?"

"पंपर्न हे जुनं क्रियापद. काही भागात त्याचा अर्थ ठोकणं, दणका देणं असा होतो, तुमचे यजमान म्हणायचे ते अगदीच खोटं नाही. पण ह्या शब्दात बहुधा दुसरा अर्थ आहे. म्हणजे, पोटातला जो वायू असतो, तो जेव्हा सरतो..."

सासूबाई म्हणाल्या, "पादणं म्हणा की, मास्तर."

"तेच," मास्तर म्हणाले. "आणि निकल हे निकोलस नावाचं घरगुती रूप. पण त्याच नावानं खोडकर पिशाच्चालाही हाक मारत. आता दोन्ही जोडा."

भाऊजींनी जोडलं. "पादरं भूत," म्हणाले. "लिहा पाटीवर, वहिनी. रांग लागेल."

आणि सासूबाई हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी. चार महिन्यांत पहिल्यांदा. "म्हणून त्याचे आजोबा कधी अर्थ सांगायचे नाहीत," म्हणाल्या. "नव्या सुनेला काय सांगणार, जड पाव आहे, रात्री पोट बोलतं म्हणून?"

म्हणजे त्यानं मला बरा तेवढाच अर्थ निवडून सांगितला होता. लग्नाला आठ दिवस झाले होते. भट्टीसमोर उभं राहून तो हसू दाबत असणार, आणि मी मुठीकडे बघत बसले.

मास्तर जाताना आणखी एक सांगून गेले, ते मनातून जात नाही. हा शब्द पावाला नंतर मिळाला. आधी तो माणसाला होता. गावंढळ, गबाळ्या माणसाला म्हणायची ती शिवी. मग तिथलं ते भरड, काळं अन्न त्या नावानं ओळखलं जायला लागलं. एका सैनिकानं हा पाव आपल्या घोड्याच्याच लायकीचा म्हटला आणि त्यावरून नाव पडलं, अशीही एक गोष्ट लोक सांगतात म्हणे, ती मात्र मागाहून रचलेली.

आधी माणूस होता. मग त्याचं नाव पावावर गेलं आणि माणूस कोण होता ते कुणाला आठवेना.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी उत्तर दिलं.

ठरवून नाही. तीन वाजता खालून टकटक आली आणि माझी मूठ आपोआप वळली. लाकडी जमिनीवर तीनदा ठोकलं. मग हाताकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याचाच.

खाली इतकी शांतता होती की मला माझाच श्वास ऐकू येत होता. करकर आली नाही. काहीच आलं नाही. पण ती रिकामी शांतता नव्हती. कुणीतरी ऐकतंय अशी होती.

त्याला कळलं असेल का की मी आहे?

चहाच्या वेळी सासूबाई खुशीत होत्या. दोन बिस्किटं खाल्ली. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आज चहा फार छान झालाय गं." चहा रोजच्यासारखाच होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शिजला. कडेपासून मध्यापर्यंत सारखा. सुरी कोरडी निघाली. गोणपाट ठासलं तसंच जागेवर होतं.

मी भट्टीला टेकून उभी राहिले आणि पाठ भाजली तरी हलले नाही. मी उत्तर दिलं म्हणून त्यानं होऊ दिला. दुसरं काय असणार?

भाऊजींनी चकती खाल्ली. बराच वेळ चावली. "शिजलाय," म्हणाले. "पण तो नाहीये हा, वहिनी. नुसतं शिजलेलं पीठ आहे. मागचं काही नाही ह्याच्यात." खरं आहे ते. करपलेल्या गुळासारखी जी चव शेवटी जिभेच्या मागे येते ती नव्हती. रंगही तपकिरीच. "हा पाव घेऊन कोणी पुन्हा येणार नाही," म्हणाले, आणि त्यांचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंनी सकाळी केस धुतले, विंचरले, आणि ठेवणीतली निळी शाल काढली.

"कुणी यायचंय का, आई?"

"कोण येणार?"

काल रात्री तो स्वप्नात आला होता. कपाटासमोर उभा. काही बोलला नाही. त्यामुळे आज दुपारी टकटक आली तेव्हा मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा तीनदा आली. मग पुन्हा. मी उत्तर दिलं नाही. दिलं तर तो विचारेल, पाव कुठे आहे? त्याच्याशी कधी धड खोटं बोलता आलं नाही मला.

मग करकर झाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कच्चा. सासूबाईंनी जेवायला नको म्हटलं. निळी शाल खुर्चीवर पडलेली. घडी करायला घेतली तर एका टोकाला दमट होती आणि पावाचा वास येत होता. दुकानात बसतात दिवसभर, येणारच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दार लावून लिहिते आहे.

आज मी पावणेतीनलाच उतरले. जिन्याच्या वळणावर, जिथून भट्टी दिसते पण भट्टीवरून आपण दिसत नाही, तिथे उभी राहिले. सोमवारी गवंडी येणार. आजचा आणि शुक्रवारचा, दोनच घाणे हातात. आता पाहायचंच, असं ठरवलं होतं.

बरोबर तीन वाजता सासूबाई आल्या. मागच्या दारानं, अंगणातल्या जिन्यानं. सपाता हातात. दारासमोर उभ्या राहिल्या, शाल नीट केली, आणि उलट्या मुठीनं तीनदा ठोकलं. मान वर करून थांबल्या. वर, माझ्या खोलीकडे. पुन्हा ठोकलं. पुन्हा वर पाहिलं. मग गोणपाट ओढलं, शालीचं टोक हाताला गुंडाळून कडी उघडली, आणि त्या वाफेत तोंड घालून त्याला हाक मारली. लहानपणच्या नावानं. ते नाव मी लग्नात एकदा ऐकलं होतं.

खूप वेळ दार उघडं होतं. वाफ छताला लागली.

मी वर आले. पायऱ्या वाजू नयेत म्हणून अनवाणी.

आता सगळं पुढे मांडून बसले आहे. बोटं, सपाता, शाल. मी लिहून ठेवलेलं सगळं होतं, वाचलं मात्र नव्हतं. सतरा तारखेला मी वरून उत्तर दिलं, म्हणून त्यांनी दार उघडलं नाही. म्हणून शिजला. मला वाटत होतं मी त्याच्याशी बोलले. मी सासूबाईंशी बोलले, आणि त्यांना वाटलं तो बोलला.

चार महिन्यांत मला मिळालेली एकच गोष्ट होती ती. ती पण गेली.

त्यांना सांगता येईल. आई, दार उघडू नका, पाव बिघडतो. एवढंच. ऐकतीलही. मग त्या खालीच जाणार नाहीत, आणि खोलीत छताकडे बघत पडून राहतील. मला ते कसं असतं ते माहीत आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा घाणा. सकाळी आठला कपाट उघडलं, स्वेटर बाजूला केले आणि पाव खाली आणला. मेणकापड सोडलं. बुरशी नाही, नुसता दगड झालाय. टेबलावर ठेवला आणि आई आणि भाऊजी, दोघांच्याही तोंडाकडे न बघता म्हटलं, "हा होता माझ्याकडे. त्याच्या हातचा शेवटचा. मी खोटं बोलले."

भाऊजी पुढे आले. मग त्यांनी तो उचलला, फिरवला, आणि अंगठा डाव्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात ठेवला. अंगठा बरोबर बसला.

"वहिनी," म्हणाले, "हा माझा आहे."

"तुमचा कसा?"

"त्याच्यानं कुठे मळवत होतं? तो स्टुलावर बसून सांगत होता आणि मी करत होतो. डबे भरताना म्हणाला, डावा कोपरा दाब. मी म्हटलं, दाबतो रे बाबा, रोजचं काय तेच. चिडून बोललो. दाबला नाही. पुढच्याच गुरुवारी गेला तो." भट्टीकडे त्यांनी चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तुम्ही सगळ्यांना सांगत होता, त्याच्या हातचा घाणा, त्याच्या हातचा घाणा. मी काय बोलणार?"

मी मेणकापडाची घडी घातली. हसू येत होतं की काय येत होतं, सांगता येणार नाही. चार महिने मी दिराचा पाव स्वेटरात गुंडाळून ठेवला होता आणि त्याच्यासाठी भुताशी भांडत होते.

सासूबाईंनी पाव भाऊजींच्या हातातून घेतला. नाकाशी धरला. "ह्याच्या आधीचा मंगळवारचा घाणा कुणाचा?"

"त्याचा," भाऊजी म्हणाले. "मंगळवारी त्यानंच मळला होता. तेव्हा जमत होतं."

"आणि त्यातला पाव ह्याच्यात भिजवला तो मी. ह्या हातानं." त्यांनी पाव माझ्यापुढे ठेवला. "मग आहे की तो आत. मूठभर असेल. त्याच्या मागे त्याचे वडील आहेत, आजोबा आहेत. एकट्याचा असा पाव ह्या घरात कुणी केलाय? सुरी आण."

सुरीनं कापला गेला नाही. भाऊजींनी खलबत्ता काढला. कढत पाणी ओतलं तेव्हा वास आला आणि तिघांपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. भरड बारा किलो, पाणी साडेआठ. भाऊजींनी डबे भरले आणि प्रत्येकाचा डावा कोपरा अंगठ्यानं दाबला, दोनदोनदा. अकराला आत. दार लावताना ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच तीनदा ठोकलं.

दुपारी मी चटईवर बसून राहिले. तीन वाजता खालून टकटक आली. तीन.

मूठ वळली आणि तशीच राहिली. एकदा ठोकलं की मला पुढे त्याचा आवाज कधीच ऐकू येणार नाही, हे समजत होतं. वर बसून आवाज करणारी मीच झाले तर मला आवाज कोण देणार?

खालून पुन्हा तीन.

मी ठोकलं. तीनदा, चांगलं जोरात, न जाणो लाकडातून ऐकू गेलं नाही तर.

करकर आली नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काळा. मध्यापर्यंत, शाईसारखा. भाऊजींनी चकती खाल्ली, दुकानाच्या मागे गेले, आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसून परत आले. "पीठ उडालं," म्हणाले. पिठाचं पोतं दुकानात होतं, मागे नव्हे.

आठातले सात गेले. मास्तर दोन घेऊन गेले. एक मंगळवारसाठी ठेवला, आणि ह्या वेळी तो कपाटात नाही, फळीवर, सगळ्यांना दिसेल असा. बाकीचे पाव लोक गावभर घेऊन गेले, चहाबरोबर खातील. मला वाटलं होतं त्याचा त्रास होईल. सहा घरांत संध्याकाळी पोट बोलेल, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

२ मार्च, सोमवार

गवंडी टेप घेऊन आला. भाऊजींनी त्याला भट्टीच्या मागच्या दोन सैल झालेल्या विटा दाखवल्या. "एवढ्या बसवून दे," म्हणाले. तो म्हणाला, "पाडायची होती ना?" भाऊजी म्हणाले, "कुणी सांगितलं?"

पाटीवर मी नुसतं नाव लिहिलं आहे. ज्याला अर्थ हवा असेल त्यानं सासूबाईंना विचारावं. त्या सांगतात, अगदी सविस्तर, आणि मास्तरांपेक्षा कमी लाजतात.

१० मार्च, मंगळवार

भरड बारा, पाणी साडेआठ, जुना पाव एक. अकराला आत.

दर वेळी तीनला त्या खाली ठोकतात, मी वर ठोकते. नंतर मी तशीच बसून राहते थोडा वेळ, हात जमिनीवर ठेवून. जमीन कोमट असते. खाली कुणीतरी समाधानानं उभं आहे, एवढंच तेव्हा मला माहीत असतं. कधी वाटतं मी त्यांना फसवते आहे. मी त्यांच्या मुलाच्या जागी बसून दर आठवड्याला दोनदा खोटं बोलते आणि त्या ते खरं धरून जेवतात. हे पाप आहे का, विचारायला कुणी नाही.

आज चार वाजता चहा दिला. सासूबाईंनी बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"एक सांगू?" म्हणाल्या.

"सांगा ना, आई."

"जरा हळू ठोकत जा. तो एवढ्या जोरानं नाही ठोकायचा."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. त्यांनी माझी मूठ हातात घेतली, बोटं नीट मिटून दिली, आणि टेबलावर तीनदा ठोकून दाखवलं, कसं ते.